अमेरिकेच्या संरक्षण खर्चातील अपव्यय व उत्तरदायित्व

अमेरिकेचा संरक्षण विभाग (मुख्यालयाच्या इमारतीवरून प्रचलित नाव: पेंटॅगॉन) हा जगातील सर्वांत मोठा लष्करी अर्थसंकल्प असलेला शासकीय विभाग आहे. २०२४ या आर्थिक वर्षात त्याला ८०० अब्ज डॉलरांहून अधिक निधी मिळाला. त्याच वर्षाच्या ताळेबंदात सुमारे ४.१ लाख कोटी डॉलरांची मालमत्ता दाखवलेली होती (१ लाख कोटी म्हणजे १,००० अब्ज). या विभागाच्या एकत्रित आर्थिक विवरणांना लेखापरीक्षकांकडून एकदाही निःशर्त अभिप्राय मिळालेला नाही. वार्षिक लेखापरीक्षण कायद्याने बंधनकारक असलेल्या २४ मोठ्या संघीय खात्यांपैकी अशी स्थिती असलेले हे एकमेव खाते आहे.

संरक्षण खर्चातील उधळपट्टीची चर्चा सहसा महागडे हातोडे, सोन्याच्या भावाने घेतलेले सुटे भाग आणि फसलेली विमाने यांभोवती फिरते. ही उदाहरणे खरी आहेत. परंतु मूळ प्रश्न त्यांच्या अलीकडचा आहे. ज्या खात्याला आपल्याजवळ काय आहे, ते कोठे आहे आणि त्यासाठी किती पैसे मोजले हे कागदोपत्री दाखवता येत नाही, त्या खात्यात किती पैसा वाया गेला हेही निश्चितपणे सांगता येत नाही. अपव्ययाचा आकडा मोठा की लहान, हा वाद त्यामुळे बहुतांशी अनिर्णितच राहतो.

घटनात्मक आधार

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात दोन अटी एकत्र घातलेल्या आहेत. कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय कोषागारातून पैसा काढता येणार नाही, ही पहिली. आणि सार्वजनिक पैशाच्या जमाखर्चाचे विवरण वेळोवेळी प्रसिद्ध केले पाहिजे, ही दुसरी. त्याच अनुच्छेदाच्या आठव्या कलमात भूसेनेसाठी एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळाचे विनियोजन करण्यास मनाई आहे. स्थायी सैन्याविषयी त्या काळच्या घटनाकारांच्या मनात असलेला संशय या तरतुदीतून दिसतो. पहिली अट आजही कसोशीने पाळली जाते. विनियोजन विधेयक अडले की सरकारी कार्यालये बंद पडतात, इतक्या कसोशीने. दुसऱ्या अटीची कथा निराळी आहे.

खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणा प्रामुख्याने तीन आहेत: काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) समित्या, १९२१ मध्ये स्थापन झालेले आणि काँग्रेससाठी काम करणारे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस (पूर्वीचे जनरल अकाउंटिंग ऑफिस, संक्षेपाने जी.ए.ओ.), आणि १९८२ पासून विभागांतर्गत असलेले महानिरीक्षक. जी.ए.ओ.ची भूमिका भारतातील नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या भूमिकेशी बरीच मिळतीजुळती आहे.

पूर्वेतिहास

लष्करी पुरवठ्यातील गैरव्यवहार अमेरिकेला नवे नाहीत. यादवी युद्धाच्या काळात केंद्र सरकारच्या सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांमुळे १८६३ मध्ये खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा (फॉल्स क्लेम्स ॲक्ट) करण्यात आला. सरकारची फसवणूक उघडकीस आणणाऱ्या खासगी व्यक्तीला सरकारच्या वतीने दावा लावता येतो आणि वसुलीतील हिस्सा मिळतो, ही त्यातील तरतूद १९८६ च्या दुरुस्तीने बळकट करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, मार्च १९४१ मध्ये, सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्या अध्यक्षतेखाली युद्धसामग्रीच्या कंत्राटांची चौकशी करणारी समिती नेमण्यात आली. अल्प खर्चात चाललेल्या या समितीने अब्जावधी डॉलर वाचवले असे मानले जाते. तिच्या कामामुळेच ट्रुमन देशभर परिचित झाले व पुढे उपराष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचले. लष्करी खर्चावर प्रश्न विचारण्याचे राजकीय बक्षीस त्यानंतर क्वचितच कोणाला मिळाले असेल.

याच्या नेमके उलट उदाहरण अर्नेस्ट फिट्झजेराल्ड यांचे. हवाई दलात खर्चविश्लेषक म्हणून काम करणाऱ्या फिट्झजेराल्ड यांनी १३ नोव्हेंबर १९६८ रोजी सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या समितीपुढे साक्ष देताना सी-५ए या मालवाहू विमानाचा खर्च सुमारे दोन अब्ज डॉलरांनी वाढणार असल्याचे मान्य केले. ही माहिती खरी होती. ती उघडपणे सांगणे वरिष्ठांना रुचले नाही. सुमारे वर्षभरात त्यांचे पद 'काटकसरीच्या' कारणास्तव रद्द करण्यात आले. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यांना काढून टाकण्याविषयी केलेले वक्तव्य व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींत सापडते. १९७३ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश झाला, तरी न्यायालयीन लढाई पुढे अनेक वर्षे चालली. त्यातूनच निर्माण झालेल्या निक्सन विरुद्ध फिट्झजेराल्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की, पदाच्या अधिकारात केलेल्या कृतींसाठी राष्ट्राध्यक्षावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा चालू शकत नाही. राष्ट्राध्यक्षांना मिळणाऱ्या या संरक्षणाचा प्रमुख दाखला म्हणून उद्धृत होणाऱ्या निकालाचा उगम एका विमानाच्या वाढीव खर्चात आहे, हे सहसा लक्षात राहत नाही.

हातोडा आणि शौचकुपाचे झाकण

१९८० च्या दशकात रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत संरक्षण खर्च झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर काही वस्तूंच्या किमती वृत्तपत्रांत गाजू लागल्या: ४३५ डॉलरचा हातोडा, ६४० डॉलरचे शौचकुपाचे झाकण, ७,६०० डॉलरांहून महाग कॉफीयंत्र. ही उदाहरणे अमेरिकी विनोदाचा भाग होऊन बसली आहेत. पण ती काळजीपूर्वक पाहण्यासारखी आहेत.

हातोड्याची मूळ किंमत सुमारे १५ डॉलर होती. नौदलाने अनेक सुट्या भागांची एकत्रित मागणी नोंदवली होती. कंत्राटदाराने अभियांत्रिकी व अन्य अप्रत्यक्ष खर्च यादीतील प्रत्येक वस्तूवर सारखा वाटून टाकला. त्यामुळे एखाद्या क्लिष्ट इलेक्ट्रॉनिक भागावर जितका अप्रत्यक्ष खर्च चढला तितकाच, म्हणजे ४२० डॉलर, हातोड्यावरही चढला. एकूण देयकाच्या रकमेत यामुळे फरक पडत नव्हता. म्हणजे हातोड्याची किंमत अतोनात होती असे म्हणण्यापेक्षा, त्या यादीतील कोणत्याच वस्तूची खरी किंमत कागदावर दिसत नव्हती असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. शौचकुपाचे झाकण हेदेखील साधे बैठे झाकण नव्हते. पी-३ ओरायन या गस्ती विमानातील शौचकुपावर बसवायचे ते मोठे, खास साच्यात घडवलेले आवरण होते. तरीही टीका वाढताच कंपनीने किंमत उतरवली.

या गदारोळानंतर उद्योगपती व माजी उपसंरक्षणमंत्री डेव्हिड पॅकार्ड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९८६ च्या त्याच्या अहवालात, गाजलेल्या वस्तूंपेक्षा मोठ्या शस्त्रप्रणालींच्या आखणीतील अस्थिरता व विस्कळीत जबाबदारी हीच अधिक खर्चिक असल्याचे म्हटले होते. हातोडा लोकांच्या लक्षात राहिला, अहवाल राहिला नाही.

लेखापरीक्षणाचा कायदा आणि विलंब

१९९० च्या मुख्य वित्त अधिकारी कायद्याने (चीफ फायनान्शियल ऑफिसर्स ॲक्ट) संघीय खात्यांना खासगी कंपन्यांप्रमाणे आर्थिक विवरणे तयार करण्याच्या मार्गावर आणले. १९९४ च्या कायद्याने सर्व प्रमुख खात्यांना वार्षिक लेखापरीक्षण लागू झाले. इतर खाती एकामागून एक या चाचणीत उत्तीर्ण होत गेली. २००३ मध्ये बावीस संस्था एकत्र करून उभारलेल्या अंतर्गत सुरक्षा खात्यालाही २०१३ मध्ये निःशर्त अभिप्राय मिळाला.

संरक्षण विभाग मात्र लेखापरीक्षणाला सामोरा जाण्याच्याच स्थितीत नव्हता. १९९५ पासून त्याचे वित्तीय व्यवस्थापन जी.ए.ओ.च्या 'उच्च जोखीम' यादीत आहे. विभागाची विवरणे विश्वासार्ह नाहीत हे ठाऊक असताना त्यांच्या तपासणीवर पैसा खर्च करण्यात अर्थ नाही, असे म्हणत काँग्रेसने २००१ च्या अखेरीस संमत केलेल्या कायद्यात तपासणीचे काम उलट मर्यादित केले. नंतर ३० सप्टेंबर २०१७ पर्यंत लेखापरीक्षणासाठी 'सज्ज' होण्याची मुदत घालण्यात आली, आणि २०१८ या आर्थिक वर्षाचे संपूर्ण लेखापरीक्षण बंधनकारक झाले. कायदा होऊन पहिली संपूर्ण तपासणी होईपर्यंत अशी जवळपास तीन दशके गेली.

विलंबाची कारणे केवळ उदासीनतेत नव्हती. भूसेना, नौदल, हवाई दल आणि अनेक स्वतंत्र संस्था यांनी आपापल्या गरजेनुसार उभारलेल्या हिशेबप्रणाली एकमेकींशी बोलत नव्हत्या. २००३ मध्ये अशा व्यवसायप्रणालींची संख्या दोन हजारांहून अधिक असल्याचे जी.ए.ओ.ने नोंदवले. यांतील बऱ्याच प्रणाली 'विनियोजनातील किती निधी खर्ची पडला' हे पाहण्यासाठी बनवलेल्या होत्या. खरेदी केलेली वस्तू पुढे कोठे गेली, तिचे आजचे मूल्य काय, हे त्यांना विचारलेच गेले नव्हते. दुरुस्तीचे प्रयत्नही स्वस्त नव्हते. हवाई दलाने पुरवठाव्यवस्थेसाठी हाती घेतलेला ईसीएसएस हा संगणकीय प्रकल्प एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्चानंतर २०१२ मध्ये रद्द करण्यात आला. लष्करी उपयोगाचे असे त्यातून जवळजवळ काहीच हाती आले नाही.

पहिले लेखापरीक्षण आणि नंतरची वर्षे

२०१८ च्या तपासणीत सुमारे १,२०० लेखापरीक्षकांनी सहाशेहून अधिक ठिकाणी काम केले. विभागाच्या २१ घटकांचे स्वतंत्र परीक्षण झाले. त्यांपैकी पाचांना निःशर्त अभिप्राय मिळाला. त्यांत लष्करी निवृत्तिवेतन निधी आणि लष्करी अभियंता दलाची नागरी कामे यांचा समावेश होता. एकूण विभागाविषयी मात्र लेखापरीक्षकांनी अभिप्राय देण्यास असमर्थता दर्शवली. उपसंरक्षणमंत्री पॅट्रिक शॅनहॅन यांनी निकाल जाहीर करताना, आम्ही अनुत्तीर्ण झालो पण उत्तीर्ण होण्याची अपेक्षाही नव्हती, अशा आशयाचे उद्गार काढले. २०२४ पर्यंतच्या सातही वर्षांत एकत्रित निकाल तोच राहिला. २०२४ मध्ये तपासलेल्या २८ घटकांपैकी निकाल जाहीर झाला त्या वेळी ९ घटकांना निःशर्त व एकाला सशर्त अभिप्राय मिळालेला होता, १५ घटकांबाबत असमर्थता नोंदवलेली होती आणि उर्वरित तिघांचे काम चालू होते.

या संज्ञांचा अर्थ नेमका समजून घेणे आवश्यक आहे. विवरणे सर्व महत्त्वाच्या बाबींत योग्य असल्याची खात्री पटली तर निःशर्त अभिप्राय दिला जातो. एखाद्या मर्यादित बाबीचा अपवाद करून उरलेले योग्य ठरवले तर तो सशर्त. विवरणे चुकीची आहेत असे पुराव्याने दिसले तर प्रतिकूल. आणि पुरेसे पुरावेच न मिळाल्याने काहीच सांगता येत नसेल तर लेखापरीक्षक अभिप्राय देण्यास असमर्थ असल्याचे नोंदवतात. संरक्षण विभागाला मिळतो तो हा चौथा निकाल. 'पेंटॅगॉन लेखापरीक्षणात नापास' या बातमीचा अर्थ पैसे चोरीला गेले असा होत नाही. गेले नाहीत असाही होत नाही.

तपासणीतून ठोस लाभही झाला. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथील नौदल तळावर कोणत्याही साठानोंदीत नसलेले गोदाम सापडले. त्यात सुमारे १२.६ कोटी डॉलरांचे विमानांचे सुटे भाग होते. त्यांतील काही एफ-१४ टॉमकॅट या विमानाचे, जे नौदलाने २००६ मध्येच सेवेतून काढले होते. उरलेले भाग मात्र वापरात असलेल्या विमानांचे होते आणि सापडताच ते पुरवठ्यासाठी उपलब्ध झाले. आपल्याच गोदामात असलेली वस्तू नोंदीत नसल्यामुळे पुन्हा विकत घेतली जाणे, हा अपव्ययाचा सर्वांत साधा आणि सर्वांत कमी गाजणारा प्रकार आहे.

'हरवलेले' लाख कोटी

संरक्षण खर्चाविषयीच्या चर्चेत काही प्रचंड आकडे वारंवार फिरतात. १० सप्टेंबर २००१ रोजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी विभागाच्या नोकरशाहीवर टीका करणाऱ्या भाषणात, काही अंदाजांनुसार २.३ लाख कोटी डॉलरांच्या व्यवहारांचा मागोवा घेता येत नाही, असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी न्यू यॉर्क व पेंटॅगॉनवर दहशतवादी हल्ले झाले. मग हा आकडा दडपण्यासाठीच हल्ला घडवला गेला, अशी निराधार कथा पसरली. वास्तविक तो आकडा नवा नव्हता. १९९९ या आर्थिक वर्षासंबंधीच्या महानिरीक्षकांच्या तपासणीतून तो आधीच प्रसिद्ध झालेला होता.

२०१६ च्या महानिरीक्षकांच्या अहवालात एकट्या भूसेनेच्या २०१५ च्या हिशेबात ६.५ लाख कोटी डॉलरांच्या समायोजन नोंदींना पुरेसा आधार नसल्याचे म्हटले होते. ही रक्कम भूसेनेच्या वार्षिक निधीच्या कित्येक पटींनी मोठी आहे. इतका पैसा तिला मिळालाच नव्हता, तर तो हरवणार कसा?

याचे उत्तर नोंदींच्या स्वरूपात आहे. समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेने दुरुस्तीवर १ लाख रुपये खर्च केले आणि ते चुकून उद्यानाच्या शीर्षाखाली नोंदले गेले. ती नोंद उलटवली, मग योग्य शीर्षाखाली नवी केली, आणि वार्षिक गोषवाऱ्यात ती पुन्हा एकदा ओढली. तीन समायोजनांची बेरीज ३ लाख होते. खर्च मात्र १ लाखच झालेला असतो. संरक्षण विभागात अशा नोंदी लाखोंच्या संख्येने, अनेक प्रणालींमध्ये आणि तिमाही-वार्षिक गोषवाऱ्यांच्या प्रत्येक पायरीवर होतात. २०१८ मध्ये २१ लाख कोटी डॉलरांचा असाच एक एकत्रित आकडा, तो पैसा आरोग्यसेवेसाठी वापरता आला असता असे सुचवत, राजकीय चर्चेत आला. हा युक्तिवाद चुकीचा होता, कारण त्या बेरजेत नोंदी होत्या, रोकड नव्हती.

एवढ्याने विभागाची सुटका होत नाही. आधार नसलेली समायोजन नोंद म्हणजे प्रमाणकाशिवाय केलेली दुरुस्ती. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या विभागाच्या वित्त व लेखा सेवेत, कोषागाराच्या आकड्यांशी ताळा जमत नसेल तर तो जमेल एवढी रक्कम भरून टाकण्याची पद्धत रूढ होती. 'प्लग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदींविषयी रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये सविस्तर वृत्तमालिका प्रसिद्ध केली. ज्या किर्दीत ताळा असा जमवला जातो तिच्यात प्रामाणिक चूक आणि अफरातफर सारखीच दिसते.

मूल्यांकनातील ढिलाईचे परिणाम प्रत्यक्ष धोरणावरही होतात. जून २०२३ मध्ये विभागाने जाहीर केले की, युक्रेनला दिलेल्या शस्त्रांचे मूल्य दोन वर्षांत मिळून ६.२ अब्ज डॉलरांनी अधिक धरले गेले होते. जुन्या साठ्यातील शस्त्रांचे पुस्तकी मूल्य धरण्याऐवजी ती नव्याने घेण्याचा खर्च धरला गेला होता. काँग्रेसने ठरवून दिलेल्या मर्यादेत तेवढी शस्त्रे आणखी देता आली असती. युद्ध चालू असताना तो फरक कागदावर अडकून पडला होता.

एफ-३५ चे सुटे भाग

एफ-३५ हे लढाऊ विमान अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत खर्चिक शस्त्रप्रकल्प मानले जाते. खरेदी, वापर व देखभाल मिळून त्याच्या संपूर्ण आयुष्याचा अंदाजित खर्च २ लाख कोटी डॉलरांच्या घरात आहे. त्याच्या सुट्या भागांचा जागतिक साठा सर्व वापरकर्त्या देशांसाठी सामायिक असून वापर होईपर्यंत त्याची मालकी अमेरिकी सरकारकडे असते. तो साठा सांभाळतात मात्र कंत्राटदार, आणि त्याच्या नोंदीही त्यांच्याकडेच असतात.

मे २०२३ मधील जी.ए.ओ.च्या अहवालानुसार मे २०१८ पासून दहा लाखांहून अधिक सुटे भाग हरवले होते; त्यांचे मूल्य ८.५ कोटी डॉलरांहून अधिक होते. त्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी भागांच्या हानीची विभागाने स्वतः तपासणी केली होती. हा आकडाही पूर्ण नसण्याची शक्यता आहे, कारण एकूण साठा किती याची विभागाकडे स्वतःची स्वतंत्र नोंद नव्हती. त्याच वर्षी जी.ए.ओ.ने असेही नोंदवले की मार्च २०२३ मध्ये या विमानांच्या ताफ्यापैकी सुमारे ५५ टक्केच विमाने कामगिरीयोग्य स्थितीत होती, आणि दुरुस्तीतील विलंब व सुट्या भागांची टंचाई ही त्यामागची कारणे होती. हिशेबातील दोष हा केवळ लेखापालांचा विषय नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

एकच विक्रेता, हवी ती किंमत

शस्त्रांच्या अनेक भागांचा जगात एकच उत्पादक असतो. स्पर्धा नसल्यामुळे किंमत वाजवी आहे की नाही हे ठरवण्यासाठी उत्पादनखर्चाची माहिती मागावी लागते. १९६२ च्या कायद्यानुसार ती देणे बंधनकारक आहे, परंतु ठरावीक रकमेवरील कंत्राटांनाच. २०१८ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांवरून २० लाख डॉलर करण्यात आली. भागांची मागणी लहान लहान तुकड्यांत नोंदवली गेली, किंवा वस्तू 'व्यापारी' स्वरूपाची ठरवली गेली, की माहिती देण्याचे बंधन संपते.

ट्रान्सडाइम या विमानभाग बनवणाऱ्या कंपनीबाबत महानिरीक्षकांनी २०१९ मध्ये तपासलेल्या ४७ भागांपैकी ४६ भागांवर अवाजवी नफा घेतल्याचे आढळले. काही व्यवहारांत नफ्याचे प्रमाण ४,००० टक्क्यांहून अधिक होते. महत्त्वाचे हे की, कंपनीने कोणताही कायदा मोडल्याचे दिसले नाही. संसदीय सुनावणीनंतर तिने १.६१ कोटी डॉलर स्वेच्छेने परत केले. ऑक्टोबर २०२४ मधील दुसऱ्या एका अहवालात सी-१७ विमानाच्या प्रसाधनगृहातील साबणपात्रासाठी हवाई दलाने बाजारातील तशाच वस्तूच्या सुमारे ८० पट किंमत बोइंग कंपनीला दिल्याचे नमूद आहे. कंपनीने तुलनेसाठी घेतलेली वस्तू लष्करी निकषांत बसत नसल्याचा मुद्दा मांडला. हा वाद १९८० च्या दशकातील झाकणाच्या वादाशी जवळजवळ शब्दशः जुळतो.

नन-मॅककर्डी कायदा

मोठ्या शस्त्रप्रकल्पांचा खर्च वाढला तर काँग्रेसला कळवणे १९८२ च्या या कायद्याने सक्तीचे केले. प्रति नग खर्च चालू अंदाजापेक्षा २५ टक्के किंवा अधिक वाढल्यास उल्लंघन 'गंभीर' ठरते आणि प्रकल्प रद्द होणार असे गृहीत धरले जाते. मात्र प्रकल्प राष्ट्रीय सुरक्षेस अत्यावश्यक आहे, स्वस्त पर्याय नाही, नवा अंदाज वाजवी आहे इत्यादी प्रमाणित करून संरक्षणमंत्री तो चालू ठेवू शकतात. १९९७ ते २०११ या काळात ४७ प्रकल्पांत ७४ उल्लंघने झाल्याचे जी.ए.ओ.ने नोंदवले, बहुतेक प्रकल्प चालूच राहिले. ताजे मोठे उदाहरण सेंटिनेल या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे आहे. त्याचा अंदाज ७७.७ अब्ज डॉलरांवरून १४०.९ अब्जांवर, म्हणजे ८१ टक्क्यांनी, गेल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले आणि जुलैमध्ये प्रकल्प प्रमाणित होऊन पुढे सरकला. कायदा खर्चवाढ उघड करतो; ती रोखण्याची शक्ती त्यात फारशी नाही.

काँग्रेसची भूमिका

उत्तरदायित्वाच्या अभावाचा सर्व दोष पेंटॅगॉनवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. २०१२ मध्ये भूसेनाप्रमुखांनी एब्रॅम्स रणगाड्यांचे काम काही वर्षे थांबवण्याची तयारी दर्शवली असता, ओहायोतील लायमा येथील कारखाना चालू राहावा म्हणून काँग्रेसने न मागितलेला निधी दिला. सुमारे पाचवा हिस्सा तळ गरजेपेक्षा जास्त असल्याचे विभागाने २०१७ मध्ये सांगितले, तरी २००५ नंतर तळ बंद करण्याच्या नव्या फेरीला परवानगी मिळालेली नाही. प्रत्येक तळ कोणा ना कोणा सदस्याच्या मतदारसंघात असतो.

अर्थसंकल्पाची रचनाही खर्चालाच उत्तेजन देते. न खर्चलेला निधी परत जातो आणि पुढील वर्षीच्या मागणीला बाधा येते, म्हणून अमेरिकेत ३० सप्टेंबरला संपणाऱ्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत कंत्राटांची झुंबड उडते. मार्चअखेरची भारतीय सरकारी कार्यालये पाहिलेल्या वाचकाला याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

अफगाणिस्तानातील उदाहरण

अफगाणिस्तान पुनर्बांधणीसाठीच्या विशेष महानिरीक्षकांनी नोंदवलेले एक प्रकरण जबाबदारीच्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकते. अफगाण हवाई दलासाठी इटलीत बनलेली २० जुनी जी-२२२ मालवाहू विमाने घेऊन नव्याने सज्ज करण्यात आली; कार्यक्रमावर ५४.९ कोटी डॉलर खर्च झाले. सुट्या भागांअभावी ती टिकली नाहीत. त्यांपैकी १६ विमाने २०१४ मध्ये काबूल विमानतळावर भंगारात काढण्यात आली आणि सुमारे ४०,००० डॉलर मिळाले. चौकशी कित्येक वर्षे चालली. २०२० मध्ये न्याय विभागाने खटला न भरण्याचा निर्णय कळवला.

सैनिकांवरील परिणाम

हिशेबातील गोंधळाची झळ सर्वांत आधी पोहोचते ती पगारावर अवलंबून असलेल्या सैनिकांना. २००३ मध्ये जी.ए.ओ.ने सक्रिय सेवेत बोलावलेल्या नॅशनल गार्डच्या सहा तुकड्या तपासल्या. ४८१ सैनिकांपैकी ४५० जणांच्या पगारात किमान एक चूक निघाली. कोणाला भत्ता उशिरा मिळाला, कोणाला जास्त मिळून नंतर कर्ज म्हणून वसूल झाला, आणि ही पत्रे त्यांना युद्धक्षेत्रातून सोडवावी लागली. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया नॅशनल गार्डच्या हजारो सैनिकांकडून सुमारे दशकापूर्वी पुनर्भरतीसाठी दिलेले बोनस परत मागितले जात असल्याचे उघड झाले. हे बोनस देण्यातील नियमभंग अधिकाऱ्यांचा होता. ज्यांनी त्या भरवशावर इराक व अफगाणिस्तानात सेवा केली त्यांच्यावर वसुलीची वेळ आली. देशभर संताप व्यक्त झाल्यावर संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये वसुली स्थगित केली. कोट्यवधींच्या नोंदी प्रमाणकाशिवाय जुळवून घेणारी यंत्रणा एका शिपायाच्या काही हजार डॉलरांचा मागोवा मात्र वर्षानुवर्षे घेऊ शकत होती.

मरीन कोर आणि २०२८ ची मुदत

फेब्रुवारी २०२४ मध्ये मरीन कोरला २०२३ च्या विवरणांवर निःशर्त अभिप्राय मिळाला. असा अभिप्राय मिळवणारे ते पहिले सशस्त्र दल ठरले. त्यासाठी दोन वर्षांची सलग तपासणी झाली, लेखापरीक्षकांनी जगभरातील ७०हून अधिक ठिकाणांना भेटी देऊन दारूगोळा, साहित्य व इमारती प्रत्यक्ष मोजल्या. पुढील वर्षीही तो अभिप्राय टिकला. मरीन कोर हे तुलनेने लहान दल आहे. भूसेना, नौदल आणि हवाई दल यांच्या साठ्यांचा विस्तार त्याच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि त्यांतील बराचसा भाग कंत्राटदारांच्या ताब्यात आहे.

२०२४ च्या राष्ट्रीय संरक्षण अधिकार कायद्यानुसार संपूर्ण विभागाला ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत निःशर्त अभिप्राय मिळवायचा आहे. मुदत चुकल्यास विभागाचा निधी आपोआप कमी करावा, असे प्रस्ताव काँग्रेसमध्ये वेळोवेळी मांडले गेले; त्यांचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.